नकारांतून मिळालेला सुपरमॅन

मोठा रोल नाकारणाऱ्या नटाला आपण सरळ वेड्यात काढतो. मला ते पटत नाही. १९७८चा 'सुपरमॅन'च घ्या. मार्लन ब्रँडो, जीन हॅकमन अशी बडी नावं होतीच. हिरोसाठी निर्मात्यांनी रॉबर्ट रेडफर्डला विचारलं. तो नाही म्हणाला. शेवटी आला कोण, तर चोविशीतला, नाटकात कामं करणारा, किडकिडीत क्रिस्टोफर रीव्ह! डेव्हिड प्राऊजने (डार्थ व्हेडरच्या पोशाखातला तोच) व्यायाम करवून त्याचं अंग भरवलं. ब्रँडोला ३७ लाख डॉलर, रीव्हला दोन भागांचे मिळून अडीच लाख.

पण गंमत बघा. रेडफर्ड उडाला असता तर लोकांना रेडफर्डच दिसला असता. रीव्हला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून सुपरमॅन दिसला. त्या नकाराचे आभारच मानायला हवेत!