मोबाइल फोनवरील जीवाणू

मोबाइल फोनचा पडदा, बटणे आणि कव्हर यांवर आढळणारे जीवाणू बहुतांशी वापरणाऱ्याच्याच त्वचेवरचे असतात. बोटांचा घाम, तेलकटपणा आणि झडलेल्या मृत पेशी यांबरोबर ते फोनवर येतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, मायक्रोकॉकस, कॉरिनेबॅक्टेरियम हे त्यांतले नेहमीचे रहिवासी. निरोगी माणसाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली १७ जणांची बोटे व फोन तपासले, तेव्हा बोटांवर सर्वाधिक सापडणाऱ्या जीवाणूंपैकी ८२ टक्के प्रकार फोनवरही मिळाले. थोडक्यात, फोन म्हणजे न धुतलेला हातच.

फोन टॉयलेटच्या सीटपेक्षा दहापट अस्वच्छ असतो, हे वाक्य वर्तमानपत्रांत वारंवार छापून येते. त्यात जीवाणूंची संख्या मोजलेली असते, जात नव्हे. म्हणून ते सनसनाटी असले तरी फारसे उपयोगी नाही. धोका ठरतो तो कोणता जीवाणू आहे आणि तो कुणापर्यंत पोहोचतो यावरून. या दृष्टीने ब्रिटनमधील २०११ ची पाहणी अधिक बोलकी आहे. लंडनमधील दोन संस्थांनी १२ शहरांत नमुने घेतले. दर सहा फोनांपैकी एकावर ई. कोलाय हा आतड्यातील जीवाणू, म्हणजेच विष्ठेचा अंश, सापडला. आपण हात साबणाने धुतो असे त्याच पाहणीत ९५ टक्के लोकांनी सांगितले होते!

घरात हे कसे घडते ते स्वयंपाकघरात दिसते. चिकन कापताना फोन वाजतो, ओल्या बोटाने उचलला जातो. नंतर हात स्वच्छ धुतले जातात, फोन मात्र तसाच राहतो आणि कोशिंबीर कालवताना पुन्हा हाती येतो.

रुग्णालयात याच साखळीचे परिणाम गंभीर होऊ शकतात. डॉक्टर व परिचारिकांच्या फोनवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे, कधी प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू अनेक देशांत आढळले आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर आठवडा ते काही महिने तग धरतो. मात्र फोनवर जीवाणू सापडणे आणि त्यातूनच रुग्णाला संसर्ग झाल्याचे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सफाईसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेले मऊ फडके पुरते. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जाते. पाण्याचा अंश असल्याने ७० टक्क्यांचे द्रावण जीवाणूच्या पेशीत शिरून प्रथिने गोठवते. अ‍ॅपल कंपनी पूर्वी अल्कोहोल टाळा असे सांगत असे; मार्च २०२० मध्ये तिने अशा वाइप्सना मुभा दिली. द्रव थेट फोनवर फवारू नये. सिलिकॉनच्या कव्हरच्या आतल्या कडेला काळपट, चिकट रेघ साचते; ते काढून साबणाच्या पाण्याने वेगळे धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावे.