पहिलीला शिकवणाऱ्या बाईंची तयारी



आपल्याकडे शाळा उघडायचे दिवस आणि पऱ्हे टाकायचे दिवस मागेपुढेच येतात. पऱ्ह्यांसाठी आपण किती तयारी करतो, आठवा. मिठाच्या पाण्यात टाकून पोचट धान काढतो, बांधीतला चिखल हाताने पाहतो, रोवणीला जाणत्या बाया बोलावतो. रोप कोवळं असतं तेव्हाच जपावं लागतं, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही.

पण सहा वर्षांचं लेकरू पहिलीत बसवताना आपण म्हणतो, "पहिली-दुसरीच तर आहे. अ-आ-इ कोणीही शिकवेल." चोरखमाऱ्याच्या आसपासच्या गटांत आम्ही हे वाक्य पुष्कळदा ऐकतो. चांगले शिक्षक दहावीला पाहिजेत, असं सगळ्यांना वाटतं. पहिलीचा विचार झालाच, तर कॉन्व्हेंटच्या फीचा होतो आणि त्यासाठी गटातून कर्ज उचललं जातं. म्हणून आज बोलायचं आहे लहान वर्गांना शिकवण्याआधी स्वतः शिकलेल्या माणसांबद्दल.

पहिली गोष्ट दूरची, जर्मनीतली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. स्टुटगार्ट शहरात वाल्डोर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आणि रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताला बोलावलं. शाळा उघडली ७ सप्टेंबर १९१९ रोजी. त्याआधी, २१ ऑगस्टपासून, सुमारे दोन आठवडे शिक्षकांचंच शिक्षण चाललं. सकाळी मूल कसं वाढतं यावर व्याख्यान, मग कसं शिकवायचं यावर, आणि दुपारी शिक्षकांनी स्वतः पाठ करून दाखवायचे. त्यांतले काही जण आधी शिक्षक नव्हतेच. कारखान्याच्या नावावरून या पद्धतीला 'वाल्डोर्फ' म्हणू लागले.

या पद्धतीत पहिलीच्या बाईंनी काय तयारी करायची असते? एक, गोष्ट वाचून दाखवायची नाही, सांगायची. म्हणजे ती आधी स्वतःच्या मनात मुरली पाहिजे. दोन, हात चालला पाहिजे. पहिल्या दिवशी मुलं अक्षर लिहीत नाहीत; एक सरळ रेघ काढतात, एक वळणाची. पुढे अक्षरं चित्रांतून येतात. आपल्या भाषेत बघा, टोपलीच्या पोटातून ट निघेल, गोल ठिपक्यातून ठ. तीन, गाणं, ताल, विणकाम बाईंना यावं लागतं, कारण मुलं ते बाईंचं पाहूनच शिकतात. आणि चार, संध्याकाळी एकेक मूल डोळ्यांसमोर आणायचं: आज कोण गप्प होतं, कोण चिडलं. दर आठवड्याला सगळे शिक्षक बसून मुलांविषयी बोलतात. शक्यतो एकच शिक्षक पहिलीपासून आठ वर्षं त्याच वर्गाबरोबर पुढे जातो.

स्टायनर यांचं सगळंच घ्यावं, असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्या लिखाणात गूढ अध्यात्म पुष्कळ आहे आणि मानववंशांबद्दलची काही मतं तर मान्य करण्यासारखी नाहीतच. आज आपल्या देशात अशा शाळा बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, मुंबईतही आहे, आणि मजुराच्या लेकराला त्या परवडत नाहीत. कामगारांच्या मुलांसाठी सुरू झालेली पद्धत अशी दूर गेली. पण शिकवण्याआधी शिक्षकाने स्वतः घडावं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आणि ती आपल्या महाराष्ट्रात, तीही आदिवासी भागात, दोन बायांनी करून दाखवली आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. त्या काळी त्या बी.ए. झाल्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. तिथे मुलांच्या शाळेबरोबर शिक्षक तयार करणारं अध्यापन मंदिरही चालत असे. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. माँटेसोरी बाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधनं महाग. खेड्यातल्या लेकराचं काय, हा प्रश्न राहिलाच.

१९४५ साली ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत नवरा वारला. त्या शिकल्या, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या, आणि ती नोकरी सोडून खेड्यात आल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, तर गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग या बाया काय करतात? वस्तीतच जातात. झाडाखाली, कोणाच्या अंगणात मुलं जमवतात. आधी त्यांना आंघोळ घालतात, केस विंचरतात, मग गाणी, मग खेळ. अंगणात भरली ती अंगणवाडी. आज गावागावात रुळलेला हा शब्द याच कामातून आला.

शिकवण्याचं सामानही तिथलंच: शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. मोजायला बिया, रंग ओळखायला पानंफुलं. म्हणजे बाईंची पहिली तयारी कोणती, तर गाव ओळखायचं. रानात काय मिळतं, घरी कोणती बोली बोलतात, आई किती वाजता कामाला जाते, हे कळल्याशिवाय शिकवणं सुरूच होत नाही.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथे दिसलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण धाकटं भावंडं तिच्या कडेवर असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. गुरं राखणारी पोरं येत नव्हती, तर शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही याचा दोष मुलाला देण्याआधी शाळा बदलून पाहायची, हे कोसबाडने शिकवलं. तिथे बालसेविका आणि शिक्षकही घडवले गेले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. हा मोठा विजय होता. पण सरकारी झाल्यावर नाव राहिलं आणि तयारी मागे पडली. सेविकेच्या अंगावर आहार आला, वजनं आली, रजिस्टर आणि मोबाईलवरची माहिती आली. गोष्ट मनात मुरवायला तिला वेळ कधी मिळणार? पहिली-दुसरीच्या गुरुजींचंही तेच. म्हणून आपण फक्त "शिकवत नाहीत" म्हणून मोकळं होऊ नये.

आता आपल्याकडे बघू. वाल्डोर्फचे शिक्षक ज्या आकृत्या शिकायला प्रशिक्षण घेतात, त्या आपण रोज दारात काढतो. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे सरळ आणि वळणाची रेघच. तेंदूपत्त्याचे पुडके बांधणारी बाई पानं न चुकता मोजते. आजीकडे झाडीबोलीतल्या, गोंडीतल्या गोष्टी आहेत. चोरखमाऱ्याचा तलाव आणि नागझिऱ्याचं रान म्हणजे बिया, पानं, पाखरं यांचं भरलेलं कोठारच. कोसबाडला जे सामान गोळा केलं, ते आपल्या अंगणात पडलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. म्हणजे आपण. सही करून उठण्याऐवजी बैठकीत विचारू या: पहिलीला कोण शिकवतं? त्यांच्याकडे दुसरी किती कामं आहेत? लहान वर्गांचं प्रशिक्षण त्यांना कधी मिळालं? मुलाची घरची बोली वर्गात चालते का?

आणि गटाने एवढं करावं. आठवड्यातून एक दिवस एका आजीने अंगणवाडीत किंवा पहिलीत जाऊन गोष्ट सांगावी, सेविकेला आणि गुरुजींना आधी विचारून. एक टोपली बिया, खडे, काड्या भरून द्यावी. रोवणीच्या दिवसांत धाकट्यांना कोण सांभाळणार, हे गटात आधीच ठरवावं, म्हणजे थोरली मुलगी शाळेतून काढावी लागणार नाही. यात पैसा लागत नाही. कॉन्व्हेंटच्या फीसाठी कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी एवढं करून पाहावं.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय घ्या आणि ठरावाच्या वहीत लिहा.