सिलिंडर, टँकर आणि नांदेडचा रस्ता

औंढा नागनाथहून हिंगोली पंचवीसेक किलोमीटर. केस हाताबाहेरची दिसली की गाडी वळते नांदेडकडे. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

कोरोना आला तेव्हा आपला जिल्हा जेमतेम २१ वर्षांचा होता. परभणीतून १ मे १९९९ला वेगळा झालेला, स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज नसलेला. २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान पॉझिटिव्ह निघाले, आणि हिंगोलीचं नाव एकदम राज्याच्या बातम्यांत आलं.

खरी परीक्षा २०२१च्या उन्हाळ्यात झाली. बेड मिळाला तरी ऑक्सिजन मिळेलच असं नव्हतं. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून थेट विशाखापट्टणमला धाडावे लागले. जो वायू हवेत २१ टक्के आहे, तो आणायला समुद्राच्या दुसऱ्या टोकाला! आमच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम एकाच सर्व्हरवर चालली होती.

नंदुरबारने मात्र हे आधीच ओळखलं होतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, बाकीचे सुटकेचा श्वास घेत होते तेव्हा, त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवायला घेतले. तंत्र साधं आहे: दाबाखालची हवा झिओलाइटच्या खड्यांमधून सोडायची, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो साधारण ९३ टक्के ऑक्सिजन. नंतर पीएम केअर्समधून देशभर असे बाराशेवर प्लांट बसले.

पण प्लांटला वीज लागते, देखभाल लागते, आणि पाइपच्या दुसऱ्या टोकाला रात्री जागणारी नर्स लागते. बसवल्याचा फोटो येतो. फिल्टर बदलल्याचा कधी पाहिलात?

२०२३च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. आसपासच्या जिल्ह्यांतले अत्यवस्थ रुग्णही तिथेच येतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या आसपासच्या जिल्ह्यांत आपणही आलो. म्हणजे टँकरची साखळी तोकडी झाली, माणसांची तेवढीच लांब राहिली.

९ ऑक्टोबर २०२४ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं; त्यात हिंगोलीचंही आहे. पहिल्या बॅचला डॉक्टर व्हायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतील. तोवर औंढ्याहून निघालेल्या १०८च्या ड्रायव्हरला नांदेडचा रस्ता विचारावा लागणार नाही.