शेणापुरती गाय

"दूध वासराचा, शेण आपला," असं माझी आजी म्हणायची आणि त्यात तिला काडीचाही कमीपणा वाटत नसे. वासरू पाजून आमच्या गाईचं लिटर-दीड लिटर दूध उरे, कधी तेवढंही नाही. घाटावरचे पाहुणे हसत. पण जांभ्याच्या मातीत भात पिकवायचं तर शेणखत हवं, नांगराला जोत हवं. गाय त्यासाठी पाळायची. मालवण तालुक्यात घरोघरी हीच रीत होती.

इथली गुरं लहानखुरी राहिली ती जमिनीमुळे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मातीचा कस धुऊन नेतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गवत उदंड, पण दसऱ्यानंतर त्याची नुसती काडी होते. पोट भरतं, अंग धरत नाही. दोरीवरचं धोतर चघळणारी, वाटेवरचं हाड तोंडात धरून उभी राहणारी गुरं माझ्या आजोने, म्हणजे आजोबांनी, लहानपणापासून पाहिलेली. घरात म्हणत, दृष्ट लागली. चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की गुरं अशी वागतात, हे पुढे पशुवैद्यांकडून कळलं. दुधाळ संकरित गाय या गवतावर तगत नाही, आमची कोकण कपिला गाय तगते.

पावसाळ्यात मळे भाताने भरलेले, म्हणून गुरं सड्यावर जायची. सगळ्या वाडीचा मिळून एक राखणो. सकाळी त्याने हाळी दिली की गोठ्यागोठ्यातून गुरं बाहेर पडत. वर्षाकाठी जनावरामागे ठरलेलं भात त्याला मिळे. पावसाआधी ज्याने त्याने आपले दगडी गडगे, आपली काटेरी वई नीट करायची. उनाड गुराच्या गळ्यात लोढणं. तरीही एखादं मळ्यात घुसलंच तर कोंडवाडा, आणि मग दोन घरांत महिनाभर अबोला! तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वाघबारशीला एका पोराला वाघ करून बाकीची शेणाचे गोळे मारत पिटाळायची. "मी वाघ झालंय," आजो सांगे, "चार दिस अंगाचो वास जायना."

खऱ्या वाघापेक्षा दहशत बुळकांडी या गुरांच्या रोगाची. पणजोबांच्या काळात एका पावसात गोठाच्या गोठा आडवा झाला. देवळात गाऱ्हाणं घातलं, गावाची शीव बंद केली, उपयोग झाला नाही. जोत राहिलं नाही, तेव्हा माणसांनी कुदळीने मळा खणला. २००६ साली भारत आणि २०११ साली सारं जग या रोगातून मुक्त झालं.

आमचे गोठे त्याआधीच दुसऱ्या कारणांनी ओस पडू लागले होते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सडे आंबा-काजूखाली गेले. तिला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, कित्येकांची घरं त्या काजूवर उभी राहिली. पण बागेला कुंपण आलं आणि चराई गेली. पॉवर टिलरने बैलांचं काम काढून घेतलं. पुढे मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. कायदा बरा की वाईट हा वाद चालू दे. जुलैत त्या बैलाला गवत कोणी घालायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. दोडामार्गाकडे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. तो ताप पसरवणारी गोचीड गुरांच्या अंगावर बसून रानातून घरी येते, म्हणून तिकडची माणसं गुरं रानात सोडायलाही बिचकू लागली.

राखण्याची पोरं गोव्याला कामाला लागली. चार गुरांमागे घरातला एक माणूस दिवसभर अडकवणं कुणाला परवडतं? म्हणून मग गुरं मोकाट सुटतात, रात्री रस्त्यावर बसतात, कुणाचा कुळीथ, कुणाची चवळी फस्त करतात. शेजारी दोन हंगाम सोसतो, तिसऱ्या वर्षी पेरतच नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. एकाचं जनावर दुसऱ्याची शेती बंद पाडतं.

२०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने कोकण कपिलेची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आनंद आहे. पण नोंदीने गाय चरत नाही. पुढच्या ग्रामसभेत दोनच विषय मांडा: राखण्याचा पगार जनावरामागे सगळ्यांनी मिळून द्यायचा, आणि सड्याचा एक तुकडा चराईला राखून ठेवायचा.