फुटलेल्या काचेची किंमत : मावळातला पैसाफंड आणि कामगार घडविण्याचा खर्च

(१/१४) कामशेत स्थानकावर सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्यांत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली अठरा-वीस वर्षांची मुलेमुली पुष्कळ असतात. ‘कामाला कुठे आहेस?’ असे विचारले, तर अनेकदा उत्तर येते, ‘कामाला नाही, ट्रेनी आहे.’ या ‘ट्रेनी’पणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न जुना आहे. त्याला मिळालेले एक विलक्षण उत्तर कामशेतहून तिसऱ्या स्थानकावर, तळेगाव दाभाड्यात, सापडते. आजचा थ्रेड त्याविषयी.

(२/१४) आधी मूळ पेच समजून घेऊ. मालकाने यंत्र विकत घेतले, तर ते त्याच्याच मालकीचे राहते. कामगाराला शिकविण्यावर पैसा खर्च केला, तर ते कौशल्य मात्र कामगाराचे होते. उद्या तो शेजारच्या कारखान्यात गेला, तर खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ही अडचण नोंदविली होती. परिणाम असा, की शिकलेला कामगार सर्वांना हवा असतो. शिकविण्याचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा, असे प्रत्येकाला वाटते.

(३/१४) विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशी चळवळीपुढे हाच पेच उभा राहिला. १९०५ च्या वंगभंगानंतर बहिष्काराला जोर चढला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीला मान्यता दिली. परंतु परदेशी माल नाकारायचा, तर तो येथे बनवणारे हात हवेत. दिव्याच्या चिमण्या, बाटल्या, बांगड्या अशी काच मोठ्या प्रमाणावर बाहेरून येई. ती फुंकणारे आधुनिक पद्धतीचे कारागीर आपल्याकडे फारच थोडे होते.

(४/१४) या ठिकाणी अंताजी दामोदर काळे यांचे नाव घ्यावे लागते. त्यांची कल्पना अगदी साधी होती : प्रत्येकाने देशी उद्योगांसाठी वर्षाला एक पैसा द्यावा. त्या काळी रुपयाचे पैसे ६४. म्हणजे हजार रुपये जमवायचे, तर ६४,००० माणसांपर्यंत पोहोचणे भाग होते. स्वयंसेवकांनी ही चिकाटी दाखविली. लोकमान्य टिळकांनी या उपक्रमाला आपले बळ दिले आणि ‘पैसाफंड’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

(५/१४) या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. पण कारखाना थांबला नाही. त्याचे वेगळेपण असे, की तो केवळ माल काढणारा कारखाना नव्हता; काचकाम शिकविणारी ती शाळाही होती.

(६/१४) शिकवणार कोण? संयुक्त प्रांतातले ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिका येथे काचनिर्मितीचे शिक्षण घेऊन परतले होते. तळेगावच्या कारखान्याची तांत्रिक धुरा त्यांच्याकडे आली. परदेशी कारागीर आणून भट्टी चालवता येते. पण तो परत गेला, की भट्टी थंड पडते. एका देशी माणसाने शिकून यावे आणि इतरांना शिकवावे, हा मार्ग अधिक लांबचा होता. पैसाफंडाने तोच निवडला.

(७/१४) आता भट्टीजवळ जाऊ. वाळू, सोडा आणि चुना वितळवून तयार झालेला रस पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर घ्यायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि फुंकर घालून आकार द्यायचा. क्षणभर उशीर झाला, तर काच आखडते. घाई झाली, तर ओघळते. हे पुस्तकातून येत नाही. नवशिक्याच्या हातून असंख्य नग बिघडतात, तेव्हा कुठे एक सरळ चिमणी उतरते.

(८/१४) फुटकी काच पुन्हा भट्टीत घालता येते. जळालेला कोळसा आणि गेलेला दिवस मात्र परत मिळत नाही. शिक्षणाचा खरा खर्च हा आहे. खासगी मालक तो टाळू पाहतो. तळेगावात तो हजारो अनोळखी माणसांच्या एकेका पैशातून भरला गेला. आजच्या भाषेत सांगायचे, तर हे प्रशिक्षण-अनुदान होते. फरक एवढाच, की ते सरकारने नव्हे, समाजाने दिले होते.

(९/१४) पुढे काय झाले? तळेगावात तयार झालेली माणसे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. स्वतः वार्ष्णेय यांनीही पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काच कारखाना उभारला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, ऑस्ट्रियाहून येणारी काच थांबली आणि देशी काचेला एकाएकी मागणी आली. तेव्हा अशा शिकलेल्या हातांचे मोल कळले. एखाद्या मालकाने माणसे निघून गेली म्हणून कपाळावर हात मारला असता. पैसाफंडाच्या दृष्टीने मात्र हेच फलित होते.

(१०/१४) तरीही भारावून जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. पैसा दिला सामान्य माणसाने. तयार कामगार मिळाला दूरच्या कारखानदाराला, तोही विनामूल्य. हा न्याय झाला का? सार्वजनिक पैशातून कामगार शिकतो, तेव्हा मालकाचा वाटा किती असावा? स्वतंत्र भारताच्या कायद्यांना आणि योजनांना याच प्रश्नाशी झुंजावे लागले.

(११/१४) पहिले उत्तर सक्तीचे होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठरावीक उद्योगांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. १९७३ च्या दुरुस्तीनंतर पदवीधर आणि पदविकाधारक उमेदवारांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारने उचलला. ब्रिटनने १९६४ मध्ये वेगळी वाट धरली : त्या त्या क्षेत्रातल्या मालकांकडून कर घ्यायचा आणि जे खरोखर शिकवतात त्यांना त्यातून अनुदान द्यायचे. म्हणजे न शिकवणाऱ्याने शिकवणाऱ्याचा खर्च भरायचा. मार्शलच्या कोड्याला दिलेले हे नेमके उत्तर होते.

(१२/१४) महाराष्ट्राने १९७४ मध्ये रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला : सुशिक्षित बेरोजगाराला आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि सोबत विद्यावेतन. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्राने विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये दरमहा, वाटा देऊ केला. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्याने बारावी उत्तीर्णांस ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविले. आरंभी सहा महिने असलेली मुदत पुढे अकरा महिने झाली.

(१३/१४) रक्कम वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पैसाफंडाशी तुलना करता एक भेद ठळकपणे दिसतो. तळेगावचा पैसा भट्टीत, नळीत, बिघडलेल्या नगांत आणि शिकवणाऱ्यात गेला. आजचे विद्यावेतन मुख्यतः उमेदवाराच्या वेळेचे मोल देते. ते आवश्यकच आहे. त्याशिवाय गरीब घरातले मूल शिकायला येऊच शकत नाही. परंतु त्या वेळात त्याला कोणी शिकवले का, की कायम कामगाराच्या जागी स्वस्तात उभे केले, हे हजेरीपत्रकावरून कळत नाही. अनुदानाचा हिशेब ठेवणे सोपे, शिकण्याचा अवघड.

(१४/१४) म्हणून मला कसोटी पैसाफंडाचीच योग्य वाटते : मुदत संपल्यावर या मुलाला दुसरा कोणी मालक केवळ त्याच्या हातातल्या कौशल्यासाठी कामावर घेईल का? घेणार असेल, तर अनुदान सार्थकी लागले, मग तो पहिला कारखाना सोडून गेला तरी चालेल. उद्या लोकलने तळेगाव ओलांडाल, तेव्हा शेजारच्या ट्रेनीला एवढेच विचारून पाहा : ‘तिथे शिकवतं कोण?’ आणि तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या पिढीतले कोणी काच कारखान्यात उमेदवारी केलेले असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहून ठेवा. अशा माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाहीत.