खानावळवाल्या बायका आणि चार टक्के व्याज

व्याज हा शब्द आमच्या घरांत निघाला की चर्चा हलाल-हरामपाशी येऊन थांबते. ती चर्चा आपल्या जागी आहे. पण गरिबाच्या घरात व्याज नेमके कोणत्या दाराने शिरते, याकडे आपण फारसे बघत नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचा इतिहास वाचताना मला ते दार दिसले.

कोकण, सातारा, कोल्हापूरकडचे गडी बायकामुले गावी ठेवून गिरणीत यायचे. एका खोलीत पाळीपाळीने दहा-पंधरा जण झोपायचे. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतलीच एखादी बाई आपल्या खोलीत करायची. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा बेकार, कुणी विधवा. पहाटे उठून चूल पेटवायची, पहिल्या पाळीचे डबे भरायचे, आणि तिसऱ्या पाळीचा गडी जेवून गेला की भांडी घासायची. संप, मोर्चे, हुतात्मे यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्या मोर्चेकऱ्यांना जेवू घालणाऱ्या बाईला मात्र 'कामगार' म्हणायला कुणी तयार नव्हते.

तिची अडचण पैसा मिळत नाही ही नव्हती. मिळणारा पैसा महिन्याच्या शेवटी यायचा, ही होती. गिरणीचा पगार महिन्याने, म्हणून खानावळीचे पैसेही महिन्याने. तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल मात्र रोज लागणार. मग वाण्याची उधारी. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारायचा अधिकार नसतो आणि माल निवडायचाही नसतो. वाण्याने हात आखडला की सावकार, आणि सावकाराकडे भांडी नाहीतर मंगळसूत्र. महिना शेकडा पाच हा दर ऐकायला साधा वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर साठ टक्के होतात. वीस माणसांचा स्वयंपाक करूनही ती बाई जागच्या जागी का राहायची, याचे उत्तर या तीस दिवसांच्या खड्ड्यात आहे.

१९७३-७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला. पगार बंद, पण जेवण बंद करून कसे चालेल? बायकांनी उधारीवर गड्यांना जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमा पुरव तेव्हा गिरणगावात डाव्या चळवळीचे काम करत होत्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या. संप टिकवणाऱ्या या बायका त्यांच्या नजरेत भरल्या, आणि १९७५ मध्ये अवघ्या चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

वेळ अनुकूल होती हेही सांगितले पाहिजे. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ पासून गरिबांना तारणाशिवाय चार टक्के दराने लहान कर्ज देण्याची सरकारी योजना होती. योजना कागदावर होती. खानावळवाली बँकेच्या पायरीवर नव्हती. फॉर्म कोण भरणार, धंद्याचा पुरावा कुठून आणणार, जामीन कोण राहणार? प्रेमाताईंचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. बँकेच्या काउंटरपलीकडचे जग त्या घराला ठाऊक होते. संस्थांच्या इतिहासात अशा घरगुती योगायोगांना जागा मिळत नाही, पण मला ते महत्त्वाचे वाटतात.

जामिनाचा प्रश्न बायकांनीच सोडवला. एका वस्तीतल्या बायकांचा गट करायचा आणि एकमेकींची हमी घ्यायची. शेजारीण कर्ज फेडील की नाही, हे बँकेच्या साहेबापेक्षा शेजारणीलाच जास्त कळते. कर्ज बाईच्या नावावर निघाले, म्हणजे बँकेच्या कागदावर तिचे नाव आले. रोख हातात असल्यामुळे ती धान्य घाऊक भावाने घेऊ लागली. जेवणाचा दर तोच राहिला, उरणारा पैसा वाढला.

पण कर्जाने सारे सुटते असे मी मानत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गडी गावी परतले. ताटापुढे बसणाराच उरला नाही, तिथे चार टक्के काय आणि शून्य टक्के काय! बिनव्याजी पतसंस्था काढणाऱ्या आमच्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो. मंडळाला मग मोठ्या स्वयंपाकाची कंत्राटे, बायकांचे प्रशिक्षण, वाशीचे वसतिगृह अशा दुसऱ्या वाटा काढाव्या लागल्या. प्रेमाताईंच्या कन्या मेधा सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांत कर्जवाटपाचे काम सुरू केले. त्यांच्यापुढे भाजी विकणाऱ्या बायका होत्या. तिथे खड्डा तीस दिवसांचा नव्हता, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा होता.

भिवंडीत यंत्रमागावरच्या परप्रांतीय कामगारांच्या खानावळीला 'भिशी' म्हणतात. त्यांत आमचे मुसलमान विणकरही बरेच. मजुरी पंधरा दिवसांनी, भिशीचा हिशेबही तसाच, मधल्या दिवसांत दुकानदाराची उधारी. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, कामगार मिळेल त्या वाहनाने आणि पायी गावाकडे निघाले, आणि भिशी चालवणाऱ्यांकडे उधारीच्या वह्या राहिल्या.