घरगुती रक्तदाब मापक यंत्राचा आवाज : बंद कधी करावा, सुरू कधी ठेवावा

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना वैद्यकीय सल्ल्यानुसार घरच्या घरी रक्तदाब मोजता यावा, यासाठी विद्युत घटांवर चालणारी यंत्रे आता सर्वत्र उपलब्ध आहेत. यांपैकी अनेक यंत्रे नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर 'टिक-टिक' असा ध्वनी करतात, मोजणी पूर्ण होताच शिटी देतात, तर काही यंत्रे हिंदी अथवा इंग्रजीतून आकडे मोठ्याने उच्चारतात. पहाटे घरातील इतर मंडळी निद्रिस्त असताना हा आवाज त्रासदायक ठरतो. काही रुग्णांच्या बाबतीत तो चिंतेचेही कारण होतो. म्हणून तो बंद केल्यास मोजणीवर परिणाम होतो काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो. याचे उत्तर 'नाही' असे आहे.

आवाजाचा मोजणीशी संबंध

रक्तदाब आणि आवाज यांचे नाते जुने आहे. इटलीतील वैद्य शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडावर पट्टा बांधून पाऱ्याच्या साह्याने रक्तदाब मोजण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्यातील दाब कमी होत असताना स्टेथोस्कोपमधून धमनीचे ठोके ऐकण्याची पद्धत मांडली. ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा रक्तदाब आणि ऐकू येईनासे होतात तो खालचा, हे तिचे सूत्र होय. डॉक्टर आजही या ध्वनींचा आधार घेतात.

घरगुती स्वयंचलित यंत्राची पद्धत मात्र वेगळी आहे. धमनीतील स्पंदनांमुळे पट्ट्यातील हवेच्या दाबात सूक्ष्म चढउतार होतात. यंत्रातील संवेदक हे चढउतार टिपतो आणि त्यांवरून गणिताने वरचा व खालचा आकडा ठरविला जातो. यंत्रातून निघणारी 'टिक-टिक' ही केवळ वापरणाऱ्यास दिलेली सूचना असते. त्यामुळे ती बंद केली तरी आकड्यांच्या अचूकतेत फरक पडत नाही.

आवाज बंद करण्याची रीत

सर्व यंत्रांसाठी एकच रीत नाही. सामान्यतः पुढील तीन प्रकार आढळतात.

१. काही यंत्रांच्या कडेला किंवा मागील बाजूस आवाजाची सरकती कळ असते.

२. काही यंत्रांत, यंत्र बंद असताना 'सेट' किंवा 'मेमरी' हे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. वर्ष, महिना, दिनांक व वेळ यांच्यानंतर आवाजाचा पर्याय पडद्यावर येतो.

३. बोलणाऱ्या यंत्रांत आवाजाची पातळी किंवा भाषा निवडण्याचे स्वतंत्र बटण असते. ही पातळी शून्यावर आणता येते.

नेमकी कृती यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका हरविली असल्यास यंत्राच्या तळाशी छापलेला नमुना क्रमांक पाहून उत्पादकाकडून ती मिळविता येते. काही नमुन्यांत आवाज बंद करण्याची सोयच नसते. अशा वेळी यंत्र उघडून आतील ध्वनिवर्धक काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे हमी रद्द होऊ शकते, तसेच संवेदक वा हवेच्या नळीस इजा होऊन आकडे चुकीचे येण्याचा धोका असतो. पट्ट्यात हवा भरणाऱ्या पंपाची घरघर मात्र कोणत्याही कळीने थांबत नाही. यंत्राखाली जाड कापडाची घडी ठेवल्यास टेबलाचा कंप काहीसा कमी होतो.

घट बदलल्यानंतर काही यंत्रांतील दिनांक, वेळ आणि आवाजाची निवड मूळ स्थितीत येते. त्यामुळे घट बदलताच या तिन्ही बाबी तपासाव्यात.

शांततेचे महत्त्व

मोजणीच्या वेळी बोलणे, मानसिक ताण आणि भोवतालचा गोंगाट यांमुळे रक्तदाब तात्पुरता वाढू शकतो. ठोक्यांच्या आवाजाकडे लक्ष देऊन धास्तावणाऱ्या रुग्णाने आवाज बंद ठेवणे म्हणूनच हितावह ठरते. या आकड्यांवरून औषधाची मात्रा ठरत असल्याने ही बाब क्षुल्लक नाही.

मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा दंडाच्या मापाचा असावा, तो उघड्या दंडावर बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. घरी घेतलेल्या मोजण्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असल्यास ती सर्वसाधारणपणे वाढलेली मानली जाते. दवाखान्यातील मोजणीसाठी हीच मर्यादा अनेक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये १४०/९० अशी आहे.

आवाज केव्हा सुरू ठेवावा

दृष्टिहीन किंवा मंद दृष्टीच्या व्यक्तींसाठी बोलणारे यंत्र हा स्वावलंबनाचा आधार आहे. त्यांच्या यंत्राचा आवाज इतरांच्या सोयीसाठी परस्पर बंद करू नये. आवश्यक तर तो केवळ कमी करावा. चोवीस तास अंगावर बाळगावयाच्या यंत्रांत दिवसा मोजणीपूर्वी होणारा ध्वनी हात स्थिर ठेवण्याची सूचना देतो. रात्री तो बहुधा बंद ठेवला जातो. या यंत्रातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

आवाज बंद असलेल्या यंत्रात चुकीची सूचनाही मूकपणे येते. त्यामुळे मोजणी संपल्यावर पडद्यावर त्रुटीचे चिन्ह, अनियमित ठोक्यांची खूण किंवा घट संपत आल्याची खूण आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे. अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशी लक्षणे असल्यास पुन्हा पुन्हा मोजण्यात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.